गोटी परत पिशवीत

दि. ९ मार्च, सोमवार, दुपार

चि. धाकटीस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शनिवारी पोचलं. 'इकडे सर्व क्षेम' असं लिहून पुढे सरकायची आपली सवय. या वेळी ते वाक्य लिहिलं आणि खोडलं, म्हणून हा नवा कागद. वर 'चि.'च्या पुढे 'सौ.' लिहिलेलं नाही. ते घाईत राहून गेलं असं समजू नकोस.

आधी माझ्याकडे दहावीला राहिलेल्या तुझ्या लेकीच्या, खारूताईच्या अभ्यासासाठी मी या वर्षी स्वतःच्या हातानं काय काय केलं ते ऐक. लाकडाचे फासे, सहाही बाजू घासून एका मापाच्या केलेले. पितळेच्या दोन चकत्या, नाणं म्हणून उडवायला. आठ रंगांची एक फिरकी, तिच्या सुईखाली जुन्या पंख्याचं बेअरिंग बसवलंय; फुंकर मारली तरी फिरते. पुठ्ठ्याचे बावन्न पत्ते. आणि लाकूड कातायच्या लेथवर काढलेल्या गोट्या, लाल आणि पांढऱ्या, अशा की डोळे मिटून हात घातला तर बोटांना फरक कळू नये. त्यांची जाड कापडाची पिशवीसुद्धा मीच शिवली. तिचा टाका बघून शेजारची शिंपीण म्हणाली, "दादा, माझं दुकान बंद पाडायचा विचार आहे का?"

यातलं आता काय शिल्लक आहे ते ओघात येईलच.

तू लिहिलंस, 'पोरीला मशीनजवळ जाऊ दिलंस तरी कसं? एवढा हुशार म्हणवतोस स्वतःला!' बरोबर आहे, म्हणवतो. आठवीत शाळा सुटली; लेथ मला कुणी शिकवला नाही आणि गणितही नाही. दोन्ही मी चुकतमाकत शिकलो. आज गल्लीतली दहावीची पोरं संभाव्यतेची उदाहरणं सोडवायला माझ्या कारखान्यात येऊन बसतात, कारण फळ्यावरचा फासा आणि हातातला फासा यांत फरक असतो.

पण ही पोरं बसण्याआधी मी काय करतो, ते तुला माहीत नाही. मोटार आणि लेथ यांच्यामध्ये एक चामडी पट्टा असतो. तो नसला की मोटार नुसती गरगरते, लेथ जागचा हलत नाही. पोरं यायच्या आधी मी तो पट्टा उतरवून भिंतीवरच्या खुंटीला टांगतो. पट्टा खुंटीवर दिसला की मगच दार उघडतं. पोरं त्याला 'घंटा' म्हणतात. या नियमाला आजवर अपवाद झालेला नाही, आणि माझ्या लेथवर आजवर कुणाचं नखसुद्धा तुटलेलं नाही.

तेव्हा मशीनचं राहू दे जरा बाजूला. आधी पोरीचं सांगतो.

डिसेंबरात एकदा ती मला म्हणाली, "मामा, तुझा फासा लबाड आहे."

"माझा फासा? अगं, कारकून लबाड असतात, फासे नाही."

"मग सहा जास्त का येतात?"

तिनं आठवडाभर, जेवताना, दात घासताना, फासा टाकटाकून ताडून पाहिलं होतं. मी दिवसभर तिच्याशी बोललो नाही. संध्याकाळी फासा हातात घेऊन बसलो तेव्हा उमगलं. ठिपके म्हणून मी भोकं पाडली होती. सहाच्या बाजूला सहा भोकं, म्हणजे ती बाजू हलकी. समोरची एकाची बाजू जड. जड बाजू खाली बसते, सहा वर येतो. पोरीचं बरोबर होतं. भोकं बुजवून मी ठिपके रंगवले आणि तिला म्हटलं, "आता?" ती म्हणाली, "आता बघू," आणि परत टाकायला बसली. तुझी मुलगी आहे, पण हा चिवटपणा आपल्या घरचा.

मग पिशवीची उदाहरणं सुरू झाली. पिशवीत तीन लाल, पाच पांढऱ्या. एक काढली, ती लाल निघाली. परत टाकली, तर पुढच्या वेळी लाल निघायची शक्यता तीन अष्टमांश, पहिल्याइतकीच. परत टाकली नाही, तर दोन सप्तमांश. इथे पोरं हमखास अडखळतात, म्हणून मी पंधरा-पंधरा उदाहरणं करून घेतो. एके दिवशी सगळी गेल्यावर ती पिशवीत हात घालून बसली होती. म्हणाली, "मामा, आमच्या घरी हेच गणित आहे."

"कुठलं?"

"परत टाकायचं. बाबा मारतात ती लाल. आई चार दिवस ओढणीनं तोंड झाकते, पाचव्या दिवशी म्हणते, झालं गेलं, आता सुधारलेत. म्हणजे गोटी परत पिशवीत. मग शक्यता कमी होणार कशी?"

मी मोठेपणानं म्हणालो, "माणूस म्हणजे पिशवी नव्हे गं."

"नाहीच. पिशवी दारू पीत नाही."

तुझ्या पत्रात तू लिहिलंस की वर्षभरात त्यांनी हात उचललेला नाही. वाचून मी पत्र खाली ठेवलं. खारूताई बाजूला होती. ती म्हणाली, "मे महिन्यात आईचा दात पडला, तो आपोआप का?" धाकटे, मला तू सांगितलं होतंस की जिन्यावरून पडलीस. मी मानलं. मला मानायचं होतं.

आता १ मार्चच्या रविवारचं.

सकाळची वेळ. पट्टा खुंटीवर. बाकीची पोरं यायची होती, आम्ही दोघंच होतो, ती पत्ते मांडत होती. दाजी आले. मी 'या' म्हणालो. त्यांनी चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"गाशा गुंडाळ," ते तिला म्हणाले. "आईला फोनवर काय शिकवतेस? घर सोड म्हणून?"

तिनं नाही म्हणायला हवं होतं. तिच्या जागी मी असतो तर म्हणालो असतो. ती म्हणाली, "हो. शिकवते."

त्यांनी पत्त्यांचं टेबल लाथेनं उलथवलं. फिरकीवर पाय देऊन ती मोडली, बेअरिंगचे छर्रे जमिनीवर घरंगळले. पत्ते मुठीत धरून फाडले. फासे फुटेनात, ते खिडकीवर भिरकावले, काच गेली. मी त्यांचा दंड धरला. त्यांनी मला ढकलून खुंटीवरचा पट्टा ओढला आणि दुहेरी करून मारला. त्या पट्ट्याच्या जोडाला लोखंडी आकडे आहेत, ते मीच बसवलेत, घट्ट. पहिला फटका कानावर, दुसरा गालावर. आकड्यांची ओळ गालावर अजून स्पष्ट आहे. डोळ्यात रक्त आलं आणि मी लेथच्या पायाशी पडलो. मग ते तिच्याकडे वळले. पट्टा तिच्या पाठीवर पडला तेव्हा तिचा आवाज आला नाही. मला वाटतं, तिला त्याची सवय आहे. तू हे वाक्य पुन्हा वाच.

केसांना धरून ते तिला दाराकडे ओढायला लागले. तिनं कामाच्या टेबलाचा वाइस पकडला. लाकूड घट्ट धरायचा तो लोखंडी वाइस, तू पाहिलायस. त्याच्या दोन जबड्यांमध्ये बोटं घालून तिनं धरून ठेवलं.

"सोड."

"नाही."

"सोडतेस की नाही?"

"नाही सोडत."

एका हातात तिचे केस होते, दुसऱ्या हातानं त्यांनी वाइसचा दांडा फिरवला. तो वाइस मी दर आठवड्याला तेल घालून ठेवतो. एका बोटानं फिरतो, असं मी लोकांना कौतुकानं दाखवत असे. तसाच फिरला. ओली फांदी मोडताना येतो तसा आवाज झाला.

तेव्हा ती ओरडली.

मी उठलो. हाताशी मोगरी होती, ठोकायची, कठीण लाकडाची, माझीच घडवलेली. पहिला फटका त्यांच्या मनगटावर, दांड्यावरचा हात सुटावा म्हणून. तो गरजेचा होता. दुसरा कोपरावर. तो गरजेचा नव्हता. कोपर उलटं वाकलं आणि ते खाली बसले. तिसरा गुडघ्यावर. ते हात जोडत होते, उरलेला एकच हात दुसऱ्याला शोधत होता, आणि मी चौथ्यासाठी मोगरी उचलली होती.

तेव्हा मला पोरीचे शब्द ऐकू आले. पहिल्यापासून ती तेच ओरडत होती म्हणे. "मामा, आधी माझी बोटं सोडव!"

वाइस बंदच होता, धाकटे. तिची बोटं त्यात चिरडलेली, आणि मी तिच्या बापाला मारत होतो. कारण मला बरं वाटत होतं. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. तुला मारताना त्या माणसाला काय वाटत असेल ते मला त्या क्षणी कळलं, आणि ते कळण्यापेक्षा माझा डोळा गेला असता तर बरं.

दांडा उलटा फिरवला. तर्जनी आणि मधलं बोट, उजव्या हाताची. डॉक्टरांनी तारा घातल्या आहेत. लिहिता येईल, म्हणाले, पण आधीसारखं येईल की नाही ते आत्ता सांगता येणार नाही. मी विचारलं, वाइस लवकर उघडला असता तर फरक पडला असता का? त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "थोडा."

दवाखान्यात पलीकडच्या खाटेवरून दाजींनी सगळ्यांना सांगितलं की बोटं लेथमध्ये गेली आणि मेहुण्यानं स्वतःची चूक लपवायला मला मारलं. तुलाही तेच कळवलं. मी गप्प राहिलो, कारण पोरीनं मला शपथ घातली होती. "आईला सांगू नकोस. ती जाब विचारेल आणि तिथे तिला सोडवायला कुणी नाही." मग तुझं पत्र आलं. तिनं ते वाचलं, डाव्या हातानं घडी केली आणि म्हणाली, "आता लिही. तू मारलेलंही लिही. आईनं मशीनवर चिडून काय उपयोग?"

पोलीस येऊन गेले. त्यांच्यातल्या एका वयस्क हवालदारानं लेथ चालू करायला सांगितला. मोटार गरगरली, लेथ हलला नाही. "पट्टा कुठाय?" तो टेबलाखाली सापडला, आकड्यांवर माझं रक्त आणि पोरीच्या फ्रॉकचा धागा. हवालदार म्हणाला, "मशीनला पट्टाच नव्हता, मग मशीननं बोटं घेतली कशी?" दाजींवर गुन्हा दाखल झाला. माझ्यावरही झाला, तीन फटक्यांचा. त्यातला एक मी नाकारतो, दोन कबूल आहेत. जे होईल ते भोगीन.

खारूताईला शाळेनं लेखनिक दिलाय, नववीतली एक मुलगी. ही सांगणार, ती लिहिणार. "तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलंय, मामा. मार्क वाढतील." सध्या डाव्या हातानं फासा टाकायचा सराव चालू आहे. फासे वाचले. गोट्याही. पिशवी तिच्या उशाशी असते.

परवा तुझे थोरले दीर आले होते. फळं घेऊन, गोड बोलत. "मामा, अपघात कुणाच्याही कारखान्यात होतो. मशीनला काय, कोण आपलं कोण परकं कळतं? तुम्ही दोन ओळी लिहून द्या, पोरगी तेच म्हणेल, आम्ही तुमच्यावरची तक्रार मागे घेतो. सगळे आपापल्या घरी. तुमच्या बहिणीलाही आम्ही तेवढंच सांगणार आहोत." मी विचारलं, "आणि पोरगी?" ते म्हणाले, "पोरगी बापाकडे. आणखी कुठे?"

आतून खारूताई म्हणाली, "काका, परत टाकायची गोटी ना?" त्यांना काही कळलं नाही. मला कळलं.

ते आता तुझ्याकडे येतील, त्याच दोन ओळींचा कागद घेऊन, आई म्हणून तुझी सही मागायला. तू सही केलीस तर माझं काही वाकडं होणार नाही, उलट मी सुटेन. पोर मात्र परत त्या घरात जाईल. नाही केलीस, तर आहेस तशी, नेसत्या कपड्यांनिशी इकडे निघून ये. वरची खोली झाडून ठेवली आहे. दाराला आतून कडी नव्हती, ती काल बसवली. तिचा निरोप तिच्याच शब्दांत देतो: "आईला सांग, या वेळी गोटी बाहेर ठेव."

तू काय करशील याची शक्यता मी काढू शकत नाही. तू पिशवी नाहीस. तुझी वाट बघणारा माणूस आहे मी, एवढंच.

माझ्यापुरतं सांगून थांबतो, म्हणजे तुझ्या दिरांनी वेगळं काही सांगितलं तर तुला खरं माहीत असावं. बोटं माझ्या मशीननं घेतली असं लिहून द्यायचं, पोरीला परत पाठवायचं, त्याबदल्यात माझ्यावरचा गुन्हा मागे आणि वर, जाताना दारात हळूच सांगितले ते, रोख अकरा लाख. मी नाही म्हटलं.

तुझा,
दादा