पाचवर अडवलेलं मॅगझिन

सोम. ६ ऑक्टो.
नाव दिलं. १६ ला कम्युनिटी सेंटरमध्ये खासदारबाईंची सभा, बंदुकीच्या मॅगझिनमध्ये गोळ्या किती असाव्यात यावर. प्रत्येकाला तीन मिनिटं. आता माघार नाही.

आपोआप भरणाऱ्या रायफलींना कायद्यात पाचच. पण पुष्कळ मॅगझिनं बनतात तीसची, आत एक रिव्हेट, पक्का खिळा, ठोकून ती पाचवर अडवतात, आणि तीच विकतात. खिळा काढला की परत तीस. माझं म्हणणं एवढंच की पाचचं हवं तर मुळात पाचचंच बनवा.

दादाला अजून सांगितलेलं नाही.

बुध. ८
सांगायची गरजच पडली नाही. बोलणाऱ्यांची यादी दादाच्या शूटिंग क्लबकडेही गेली. माझ्या लंच ब्रेकमध्ये फोन. "फिलू, चारचौघांत मला गुन्हेगार ठरवणार तू?"
तुझं लायसन्स आहे, कपाटाला कुलूप आहे, तुझ्याबद्दल कोण बोलतंय?
"मग कोणाबद्दल? चोर काय कायदा वाचून गोळ्या भरतो?"
ठेवला फोन. असा राग आला! पण बस्त्यावदादानेच मला वसईहून इथे एटोबिकोला आणलं. पहिला विंटर त्याच्या बेसमेंटमध्ये, त्याचंच जॅकेट घालून काढला. ते खरं. आणि प्लाझातलं, तेही खरं.

इथे कधी लिहिलं नाही. तीन वर्षं झाली. मी आणि माझी लेक अलिशा प्लाझात ग्रोसरी घेत होतो, एक माणूस गोळ्या झाडत आत आला. तांदळाच्या गोणींमागे आडव्या झालो. मग आवाज थांबला. मॅगझिन रिकामं, दुसरं लावत होता. तेवढ्यात पोरीचा हात धरून मागच्या दाराने पळाले. मी मोजल्या होत्या. ऑपरेशन संपताना गॉझ मोजणं हे माझं रोजचं काम, मोजायची सवय जात नाही. पाच. तीस असत्या तर अलिशा नसती.

शुक्र. १०
ऑक्टोबर, रोझरीचा महिना, जपमाळ घरोघरी. आज दादाकडे. माळेची पाच रहस्यं, एकेक एकेकाने चालवायचं; तिसरं माझं. प्रत्येकात 'नमो मरिये' दहा वेळा. पाच झाल्या आणि मी सरळ शेवटचं 'पित्याला आणि पुत्राला' सुरू केलं! वहिनी खोकली. बघते तर माळेवर पाच मणी अजून शिल्लक. लाजच वाटली.
मागून दादा, "हिलाही पाचवर अडवलीय वाटतं."
सगळे हसले. मीही. तोही. मग पुन्हा पहिल्यापासून दहा म्हटल्या.
निघताना डबा हातात देत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "गुरुवारी मी क्लबच्या बाजूला बसणार."
बस की.
"तू बोलणारच?"
बोलणारच.

सोम. १३, इथलं थँक्सगिव्हिंग
दरवर्षी दादाकडे. यंदा बोलावणं नाही. घरीच चिकन केलं.
भाषण अलिशासमोर वाचलं, साडेचार मिनिटं. "मॉम, टू लाँग. अँड स्टॉप सेइंग सॉरी." चार सॉरी होते, सगळे खोडले.
"मामा विल बी देअर?"
हो.
"गुड. ही शुड हिअर इट."
त्या दुकानात ती अजून पाय ठेवत नाही.

गुरु. १६
झालं. बोलले. तीन मिनिटांच्या आत. रडले नाही.
मग दादाच्या क्लबचा अध्यक्ष उठला. मर्यादा आहेच, रिव्हेट पक्का असतो, नव्या कायद्याची गरज नाही, ह्या बाईंची भीती आम्ही समजू शकतो. समजू शकतो म्हणे! माझं डोकंच फिरलं. वेळ संपलेली, माइक गेलेला. तशीच उभी राहिले, तिकडे वळले, आणि तोंडातून मराठीच आलं.
"दादा, तो रिव्हेट काढायला किती वेळ लागतो?"
सगळे बघायला लागले. खासदारबाईंनी विचारलं, ही काय म्हणाली? दादा उठला. टोपी हातात. त्यानेच माझा प्रश्न इंग्रजीत सांगितला, शब्द न् शब्द. काहीही सांगू शकला असता, कोणाला कळणार होतं? मग उत्तरही त्यानेच दिलं.
"नॉट लाँग. आय हॅव नेव्हर डन इट. बट नॉट लाँग."
आणि बसला. त्याच्या शेजारचे दोघे उठून दुसरीकडे जाऊन बसले.

रवि. १९
दादा फोन उचलत नाही. चर्चमध्ये मिस्सालाही दिसला नाही. वहिनी म्हणाली, क्लबात कोणी बोलत नाही त्याच्याशी, इतक्या वर्षांची दोस्ती. आणि माझ्यावर खवळलाय, "एवढ्या लोकांत मलाच का विचारलं?" बरोबर आहे त्याचं. मला वाईट वाटतंय, फार. पण खोटं बोलणार नाही अशी खात्री असलेला त्या हॉलमध्ये तो एकच होता. हे त्याला तोंडावर सांगायचंय.

कायद्याचं अजून काहीच नाही. खासदारबाईंच्या ऑफिसचं उत्तर आलं, नोंद घेतली. ओटावाला संसदेच्या कमिटीपुढे बोलायला अप्लाय केलंय. नाही घेतलं तर परत करीन.

आज रोझरी आमच्याकडे, सातला. खुर्च्या मांडल्या. दादाचा गुडघा दुखतो, त्याची दाराशी ठेवली. वहिनी एकटीच आलीय. "येईलसं वाटत नाही गं."
तिसरं रहस्य त्याच्या नावावर लावलंय. पहिली दोन आम्ही म्हणू, सावकाश.