डोळे बांधून चव

२० नोव्हें. ७८, सोम.
बालवाडीचा कंटाळा आलाय. लताबाई बाळंतपणाच्या रजेवर, म्हणून बालवाडी चालवणाऱ्या मंडळाच्या मालतीताईंनी मला उभं केलं. येवल्याचा हातमाग सोडला, दिंडोरीत द्राक्षबागेवर राहिलो, आता हे. पोरं मलाही 'बाई'च म्हणतात. सुधारणं सोडून दिलं.
आज स्पर्शाचा पाठ. डोळे बांधून दोस्ताचा हात चाचपायचा, कोण ते सांगायचं. कुंदाने सगळे ओळखले. बालवाडीची खोली तिच्या आजीची, फुकट दिलेली. त्यामुळे ती जरा मालकिणीच्या थाटातच. मिलिंदचा हात धरून म्हणाली, "हा गार. मिलिंदचा." मिलिंद नाल्यापलीकडच्या बौद्धवाड्यातला. लाजला. दुपारभर डोकं दुखलं.

२१, मंगळ.
उद्याच्या चवीच्या पाठासाठी कारलं आणायला गंगेवर, गोदाकाठच्या बाजारात गेलो. तिथे एकजण टकलावर केस उगवायचं तेल विकत होता. स्वतः टक्कल! ऐकत बसलो, कारली संपली. शेवटी शेवंताबाईंनी घरचं एक दिलं. ह्या आमच्या मदतनीस, पोरं घरोघरून गोळा करून आणतात. म्हणाल्या, "मास्तर, तुम्हालाच कोणीतरी बोट धरून आणाया पाह्यजे."

२२, बुध.
गूळ, मीठ, चिंच, कारलं. एकाने डोळे बांधून बसायचं, दुसऱ्याने भरवायचं. कारलं जिभेला लागलं की असले चेहरे. खूप दिवसांनी हसलो. मिलिंदने कुंदाला गूळ भरवला, तिने त्याची बोटंपण चाटली.

२३, गुरु.
कुंदा नाही. आजी आल्या.
पोरीने घरी कौतुकाने सांगितलं म्हणे, "आजी, डोळे बांधून ओळखलं मी! गूळ मिलिंदने भरवला." शिकवलेलं इतकं कधी कोणाला येत नाही.
आजी : "मास्तर, सगळी एका सतरंजीवर बसत्यात, माझं काय म्हणणं नाय. पण हातचं खायचं? पुन्हा असं झालं तर खोली मला कांदा साठवाया लागंल."
मी काहीतरी पुटपुटलो. मिलिंद तिथेच बसलेला. ऐकत.

२४, शुक्र.
सकाळी मिलिंद हात पुढे करून उभा. तळवे लालभडक. "बाई, बघा, धुतले."
सुटल्यावर त्याच्या आईकडे गेलो. बांधकामावर पाट्या टाकून नुकतीच आलेली. पाणी दिलं. "मी नाय सांगितलं त्याला. नळावर बसून दगडानं घासत व्हता." मग, "तुम्ही आज हाय, उद्या नाय मास्तर. लताबाई आल्या की चालले. आम्हाला इथंच राहायचंय. त्याला मागं बसवलंत तर त्याचं नाव काढून घेते."
तिथून मालतीताईंकडे. त्यांचं सोपं. "खोली गेली तर बालवाडी बंद. प्रत्येकाने घरून आपापलं आणायचं, आपल्या हाताने खायचं. चव तीच ना?"
हो म्हणून आलो. कळवणचा एक मित्र कधीचा बोलावतोय, त्याच्या टपरीवर. जावं का. पण मग मिलिंद…

२७, सोम.
सगळ्यांनी पुड्या आणल्या. कुंदापण आली. आजी दारात सूप घेऊन डाळ निवडत, लक्ष आत.
डोळे बांधले. प्रत्येकाला ठाऊक, आपल्या पुडीत काय. ओळखायचं काय मग? खेळच मेला. आपापलं मुकाट चघळतायत. कुंदा मात्र पुडीला हात लावीना. तोंड उघडून बसलेली.
"मिलिंद, दे ना."
मिलिंदने दोन्ही हात मांडीखाली घातलेले. माझ्याकडे बघितलं. "बाई, देऊ?"
सुपाचा आवाज थांबला.
काही ठरवलं नव्हतं. थकलो होतो फक्त, आणि 'नको' म्हणायला तोंड उघडेना.
"दे," म्हणालो.
त्याने स्वतःच्या पुडीतलं चिमूटभर दिलं. कुंदा ओरडली, "ई, मीठ!" आणि खिदळली. तोही.
आजी सूप उचलून आपल्या घरात गेल्या. मालतीताईंना कळवलेलं नाही.

२८, मंगळ.
उभ्यानेच लिहितोय. एरवी खोली उघडून, झाडून तयार असते. आज कुलूप. किल्ली आजींच्या कमरेला, आजी ओट्यावर. नमस्कार केला. पानाला चुना लावतायत, वर बघत नाहीत.
नाल्याच्या फळीवरून शेवंताबाई पोरं घेऊन आल्या. मिलिंदही आहे, आईने पाठवलाय. घरातून कुंदाचा आवाज, "आजी, वेळ झाली, किल्ली दे ना."
"थांब गं."
एवढंच. नाही म्हणाल्या नाहीत. हो पण नाही. पोरं कुलपासमोर रांग करून उभी राहिलीत, त्यांच्यामागे मी.