नववा मासा

पवनी
ता. २ फेब्रुवारी २००६

प्रिय भूषणदादा,

नमस्कार. तुझं पत्र आणि नव्या खोलीचा फोटो पोचला. खोली बरी दिसते. खिडकीला जाळी लावून घे. इकडे थंडी अजून हटलेली नाही. आपले हातमाग बंद आहेत. मी सकाळच्या एसटीने भंडाऱ्याला लॅबमध्ये जाते आणि संध्याकाळी परतते. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोन मधल्या खोलीत आहे आणि बाबांची खाट आता तिथेच टाकली आहे. म्हणून पत्र.

तू दिवाळीत आणलेल्या टाकीतला काळा मासा आजारी पडला होता. आठ सोनेरी ठीक आहेत. संक्रांतीच्या सुमारास काळ्याच्या शेपटीवर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले, मग ते अंगभर पसरले. तो तळाच्या खड्यांवर अंग घासायचा आणि नंतर कोपऱ्यात तिरका पडून राहायचा. हा परजीवी जंतूंचा रोग आहे. पाणी गार पडलं की बळावतो. उपाय अवघड नाही. पाणी हळूहळू कोमट करायचं, त्यात मीठ घालायचं आणि ते रोज बदलायचं. मी त्याला किराणा दुकानातून आणलेल्या, लिमलेटच्या गोळ्यांच्या मोठ्या काचेच्या बरणीत वेगळा ठेवला, वर साठ वॅटचा बल्ब टांगला आणि लॅबमधला जुना थर्मामीटर आत सोडला. लोडशेडिंग सुरू झालं की बरणीला बाबांची शाल गुंडाळायची आणि गरम पाण्याची बाटली टेकवायची.

आईला हे पसंत नव्हतं.

टाकी लावताना तू तिला काय सांगितलंस ते आठवतं का? आठ सोनेरी लक्ष्मीसाठी, आणि नववा काळा घरावरचं संकट अंगावर घ्यायला. नागपूरच्या दुकानदाराने तुला सांगितलं, तू हसत हसत तिला सांगितलंस आणि पुण्याला निघून गेलास. आईने ते जपून ठेवलं. शेजारच्या चंद्रभागाकाकूंनी त्यात नियमाची भर घातली: काळा आजारी पडला तर हाताने मारायचा नाही, दवाही करायची नाही, त्याचा तो गेला पाहिजे. म्हणजे घरातला दुखणाईत उठतो.

आपल्या घरातला दुखणाईत म्हणजे बाबा. तुला फोनवर 'बीपीचा त्रास' एवढंच सांगितलं होतं. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. पाय सुजायला लागले तेव्हा त्यांचं रक्त मीच घेतलं आणि तपासणीही मीच केली. क्रिएटिनिन सहाच्या वर आलं. मी दुसऱ्या किटवर पुन्हा केलं, तरी तेच. आपल्याला सव्वाच्या आत हवं असतं. मागाच्या खड्ड्यात बसून कंबर धरायची म्हणून ते वर्षानुवर्षं दुखण्याच्या गोळ्या खात आले. बीपी आणि त्या गोळ्या, दोन्हींनी मिळून किडन्या गेल्या, असं नागपूरच्या डॉक्टरांचं मत आहे. आता आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी नागपूरला नेतो.

बाबांच्या जेवणातलं मीठ तोडलं आहे. मी बरणीत मीठ टाकताना त्यांनी एकदा खाटेवरून, उघड्या दारातून पाहिलं.

"कीर्ते, माया भाजीतलं मीठ त्या मासोळीले देऊन राहिली का तू?"

"त्याला औषध आहे ते."

"मले जहर, त्याले औषध! वा! मंग मलेच टाक ना त्या बरणीत."

ते हसले. आई हसली नाही.

एका संध्याकाळी मी एसटीतून उतरून घरी आले तर घरात वीज होती आणि बरणीवरचा बल्ब मात्र बंद. पाण्याचं तापमान अठ्ठावीसवरून एकवीसवर आलेलं. आई सुपात तांदूळ निवडत बसली होती.

"मीच बंद केला," ती न विचारताच म्हणाली. "मी काही त्याले मारून नाही राहिली. त्याचं त्याले जाऊ दे."

मी बल्ब लावला.

"काहून वाचवून राहिली तू त्याले? तुले बाप पायजे का मासोळी?"

"दोन्ही."

"दोन्ही भेटत नाही कोनाले," आई म्हणाली आणि तांदूळ पाखडू लागली.

"काय चाललं वो मायलेकींचं?" बाबांनी आतून विचारलं.

"काही नाही. खडे निघून राहिले तांदळात."

तुला वाटेल की आई भोळी आहे. मलाही तसंच वाटत होतं, आणि मला तिचा राग येत होता. बीएस्सी आणि डीएमएलटी झालेल्या मुलीच्या घरात हे चालावं याची लाजही वाटत होती. पण खरं तेही लिहिते. गेल्या आठवड्यात एकदा दिवेलागणीला वीज गेली. मी बाटलीत गरम पाणी भरून बरणीपाशी आले, आणि त्याच वेळी बाबांना ओकारीची उबळ आली. आई त्यांचं डोकं धरून बसली होती. मी बाटली हातात धरून उभी राहिले. एका जिवाच्या रक्ताचा दुसऱ्या जिवाच्या रक्ताशी असा संबंध नसतो, हे मला कोणी शिकवायला नको. तरी उभी राहिले. किती वेळ, ते पाहिलं नाही. हात भाजायला लागला तेव्हा बाटली बरणीला टेकवली.

मासा बरा झाला. ठिपके एकेक करून गेले, पर पसरून तो नीट पोहायला लागला. टाकीतही मीठ टाकून झालं होतं. रविवारी सकाळी मी त्याला बाबांच्या खाटेजवळच्या टाकीत परत सोडला. बाबा उशीला टेकून बघत होते. "काळ्या, मले मागं टाकलं बे तू," ते म्हणाले. तो काचेजवळ आला, तसे ते बोटाने काचेवर टकटक करत बसले.

आई दारात उभी होती. तिने मासा पाहिला आणि सरळ परसात गेली. मी मागे गेले. ती धुतलेलीच भांडी पुन्हा धूत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "जगला. आता भूषणले सांगा लागन."

तेव्हा मला कळलं, दादा. ती काय थांबवून धरत होती ते.

डॉक्टरांनी आम्हा दोघींना समोर बसवून सांगितलं होतं की डायलिसिस हा कायमचा इलाज नाही. घरातल्या कोणी किडनी दिली तर बाबांना बरीच वर्षं मिळतील. आईने त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. "माही घ्या ना. आत्ताच घ्या." बाबा ओ गटाचे आहेत, त्यांना ओच लागतो. आई ए आहे. मीही ए. माझा गट मी त्यानंतर पुन्हा तपासला. ए च आला.

ओ तू आहेस. कोर्सला असताना मीच दिवाळीत सगळ्यांची बोटं टोचली होती आणि तू एवढा ओरडलास की चंद्रभागाकाकू धावत आल्या. आईच्या ते लक्षात होतं. दवाखान्यातून येताना ती एसटीत एवढंच म्हणाली, "त्याचं लग्न व्हाचं हाय अजून. त्याले काही लिहू नोको." मोहाडीच्या स्थळाचं तुला कळवलंच असेल. ती मंडळी फाल्गुनात येणार आहेत.

म्हणजे एकीकडे बाबा, एकीकडे तू. दोघांच्या मध्ये तिला तिसरं कोणी हवं होतं, आणि घरात दुसरं कोणी नव्हतं. म्हणून तो मासा. मी बल्ब लावायचे आणि ती बंद करायची, तेव्हा ती तुझ्यासाठीच बंद करत होती.

आता माहिती लिहिते, कारण मला तेवढंच नीट येतं. एका किडनीवर माणूस नेहमीसारखं काम करतो, लग्न करतो, त्याला मुलं होतात. ऑपरेशनला धोका कमी आहे, पण शून्य नाही. शून्य आहे असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. गट जुळणं ही फक्त पहिली पायरी आहे, पुढे आणखी तपासण्या असतात. त्यांत तू कदाचित बसणारही नाहीस. बाबांना यातलं काहीच माहीत नाही. मी हे पत्र लिहिल्याचं आईलाही माहीत नाही.

तुला नाही म्हणायचं असेल तर ये, तपासणी करून घे आणि मला एकटीला सांग. पुढचं जुळलं नाही, असं मी घरी सांगेन. आजवर मी एकही रिपोर्ट खोटा लिहिलेला नाही. हा लिहीन. त्याबद्दल तुला कधी विचारणार नाही, आणि मोहाडीच्या मंडळींना चहाही मीच देईन.

हो म्हणायचं असेल तरी ये. पण कोणाच्या बदल्यात म्हणून येऊ नकोस.

नागपूरला उतरलास तर त्या दुकानातून आणखी एक काळा मासा घेऊन ये. पिशवीत पाणी अर्धंच भरायला सांग, बाकी हवा. दुकानदार आठाला एक असा हिशेब सांगेल, तो ऐकू नकोस. इतक्या दिवसांत मला एवढं दिसलं की सगळं एकट्यावर टाकायला नको.

बाबा आत्ता झोपले आहेत. आई टाकीसमोर बसून आहे. बरणीवरच्या बल्बची आता गरज नाही, तरी तिने तो टाकीवर लावला आहे.

गट न जुळलेली तुझी बहीण,
कीर्ती