डावं दार

मच्छे, मार्च १९८६

भीमसेन भावजी,

गाडी तुमच्या टिळकवाडीच्या बंगल्यावर पोचली असंल. चौऱ्याहत्तरच्या मोटार रॅलीत जळालेल्या आपल्या फियाटसारखी हुबेहूब दुसरी पायजे, म्हणालात. "वयनी, एक बोल्टसुद्धा बदलू नका." मालकांच्या मागं गॅरेज मीच चालवते, म्हणून काम मलाच दिलंत. लाज कशी वाटली न्हाय?

तोच पांढरा रंग दिला, बॉनेटवर तोच काळा पट्टा. आणि तेच डावं दार. त्या साली खड्ड्यांत ते सारखं उघडायचं, म्हणून तुम्ही ते भायेरनं बोल्टानं आवळलंत. तुमचे थोरले भाऊ, आमचे मालक, त्या बाजूला बसून वाट सांगायचे. आंबोली घाटात गाडी उलटली, पेटली. तुम्ही उजवीकडनं भायेर पडलात. दाराचा पान्हा तुमच्या खिशात हुता, आणि तुम्ही पळालात. मालक आतच जळाले.

काल गाडी बघायला आलात तवा त्या बोल्टावर बोट फिरवलंत आणि हसून म्हणालात, "व्हय वयनी, अगदी तशीच झालीया." तुम्हास्नी काय बी आठवलं न्हाय. तुमचा पोरगा प्रताप उजवीकडनं सरकत जाऊन डाव्या सीटवर बसला. येत्या रविवारी घाटात बापाला वाट तोच सांगणार म्हणं.

त्याला सावध करावं म्हणून लिहायला बसले. पण काय बदलू नका, हे तुमचंच सांगणं. पान्हा मी दिलेला न्हाय. तो हितं टेबलावर हाय, आणि हे पत्र त्याच्याखालीच ऱ्हाईल.

तुमची वयनी,
अंजना