मोकळं कपाळ

नंदनवन, नागपूर
ता. ८ जानेवारी १९८४

ती. इंदूताईंच्या चरणी
गोपिकाचा शि. सा. न. वि. वि.

नळ जायच्या आत पाण्याचे गुंड भरून घ्यायचे म्हणून मी लतिकाला हाक मारली होती. अंगण झाडून सडा टाकून झालेला, स्टोव्हवर चहाचं आधण. ती न्हाणीतून ओल्या केसांनी तशीच आली, गुंडाला हात लावला आणि मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. टिकली आरशावर चिकटवलेली राहिली होती. कपाळाच्या मधोमध पांढरा डाग, कंपासने काढावा तसा गोल. गुंड भरून पाणी वाहून गेलं. मग मी चहा गाळला, कांदा चिरला, पोहे भिजवले. मन बंद पडलं की हात जास्त नीट काम करतात, हे मला तुमचे भाऊ गेले तेव्हा कळलं आहे.

ही मागच्या सोमवारची गोष्ट. लतिका संक्रांतीआधी काटोलहून माहेरी आली आहे. दुपारी तिने सगळं सांगितलं. गेल्या वर्षी तिने कुंकू सोडून त्या चिकटवायच्या टिकल्या लावायला सुरुवात केली. पावसाळ्यात टिकलीखाली खाज यायला लागली, मग तिथला रंग उडाला. डाग झाकायला तिने मोठी टिकली घेतली. डाग टिकलीच्या बाहेर आला, तर त्याहून मोठी घेतली. जावईबापूंना दिसू नये म्हणून झोपतानासुद्धा काढत नव्हती. सासूबाई म्हणत राहिल्या की सुनेला शौक भारी, एक दिवस कपाळभर टिकली लावेल. ताई, मला हसू आलं आणि लगेच रडू आलं.

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते तुम्हाला सांगायला नको. तुमच्या भावाचे पाय. दोन्ही पावलांवरचे ते पांढरे पट्टे. कोड म्हणून ते कायम झाकत आले, लतिकाच्या लग्नात भर वैशाखात मोजे घालून उभे राहिले. शेवटच्या दुखण्यात मला विचारलं होतं की पोरीला तर नाही ना येणार हे. मी नाही म्हणाले होते. कशाच्या जोरावर म्हणाले, माहीत नाही.

उद्या तिला मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, चामडीच्या विभागात नेते. वाचनालयातल्या एका मासिकात वाचलं की चामडीच्या दुखण्यांवर हल्ली पुष्कळ नवं निघालं आहे. मलमं, गोळ्या, उन्हाचे उपचार, आणि डाग कशाने पडला ते शोधायच्या तपासण्या. अर्धं समजलं, उरलेलं डॉक्टरांना विचारीन.

अमरावतीच्या थंडीत गुडघ्याला शेक घेता की नाही? आशीर्वाद असू द्या. काळजी करू नका, ती करायला मी आहे.

तुमची भावजय
गोपिका


काटोल
ता. २० जानेवारी १९८४

गं. भा. गोपिकाबाईंस
जिजाबाईचा नमस्कार.

चंद्रभान तुमच्याकडून आला तो धड जेवलाच नाही. खोदून विचारलं तेव्हा बायकोच्या कपाळाचं सांगितलं. बाई, मले आधी त्या टिकलीचा राग आला, मग पोरीचा, मग तुमचा. मले मनात ठेवता येत नाही, म्हणून लिहून टाकते.

तुमाले आठवते का, लग्नानंतर व्याही आमच्याकडे जेवाले आले होते. पाय धुवाले त्याईनं मोजे काढले आणि मी पाहिलं. कोणाचं ऐकलेलं नाही, डोळ्यानं पाहिलं. तेव्हा मी चूप राहिली. लग्न झालं, आता बोलून काय फायदा. माणूस सोन्यासारखा होता, त्याच्याबद्दल माझा एक शब्द नाही. पण बापाच्या पायावर होतं ते पोरीच्या कपाळावर आलं, असं गाव म्हणेल तर मी काय सांगू?

आमच्या कौशल्येचं जमत आलं आहे. मुलगा सावनेरचा, शाळेत मास्तर आहे. होळीआधी साक्षगंध करून टाकू म्हणतात. त्या लोकाईच्या कानावर सुनेच्या कोडाचं गेलं तर ते उठून जातील, आणि त्याईले कोणी दोष देणार नाही. वरून तुमची डॉक्टरीण म्हणते का कपाळाले काहीच लावू नका. नवरा जिता असताना बाई मोकळ्या कपाळानं घरात फिरून राहिली, हे मले पाहवणार नाही. माझ्या पोराचं आयुष्य आहे त्याच्यात. म्हणून म्हणते, साक्षगंध होईपर्यंत लतिकाले तिकडेच राहू द्या. पुढचं पुढे पाहू.

राग आला असेल तर पत्रातच भांडा, पोस्टमन काही वाचत नाही. चंद्रभानसोबत संत्री पाठवली आहेत. आंबट निघाली तर त्याच्याही शिव्या मलेच द्या, पण नातं तोडू नका.

जिजाबाई


नंदनवन, नागपूर
ता. २७ जानेवारी १९८४

सौ. जिजाबाईंस
गोपिकाचा स. न. वि. वि.

संत्री गोड होती. तरी एक लिहिते. तुमच्या पत्रात लतिकाच्या नावामागे सौ. नाही. घाईत राहिलं असेल.

‘पुढचं पुढे पाहू’ हे मी पुन्हा पुन्हा वाचलं. माझी मुलगी तिच्या घरी परत येणार की नाही, एवढंच मला हवं होतं, आणि तेवढंच तुम्ही लिहिलेलं नाही.

डॉक्टरबाई तरुण आहेत, पण घाई करत नाहीत. डाग पाहून म्हणाल्या की टिकलीच्या मापाचा, टिकलीच्याच जागी पडलेला हा डाग टिकलीनेच पडलेला दिसतो. तिच्या गोंदात एक रसायन असतं, ते काहीजणींच्या कातडीचा रंग मारतं. असे रुग्ण हल्ली त्यांच्याकडे येऊ लागले आहेत. हे रक्तातून येत नाही, आणि एकाचं दुसऱ्याला लागतही नाही.

तुमचं पत्र आल्यावर पुन्हा गेलो तेव्हा मी ह्यांच्या पायांचं विचारलं. तुम्ही लिहिलंत म्हणून विचारलं, नाहीतर माझी हिंमत नव्हती. त्यांनी मला दोनच गोष्टी विचारल्या. डाग कुठल्या आकाराचे होते, आणि पायात काय घालायचे. मी टेबलावर बोटाने काढून दाखवलं. अंगठ्याजवळून दोन पट्टे निघतात आणि पावलाच्या दोन्ही बाजूंना जातात. काढता काढताच मला कळलं. रबरी चपलेच्या पट्ट्यांचा आकार होता तो. गिरणीतून आले की घरात, अंगणात, बाजारात, पायात त्याच चपला, पट्ट्यांखाली डाग दिसत नाहीत म्हणून. डॉक्टरबाई म्हणाल्या, न पाहिलेल्या माणसाचं खात्रीने सांगता येत नाही, पण रबरातल्या रसायनानेही असंच होतं. मी दवाखान्याच्या पायरीवर पुष्कळ वेळ बसून राहिले. चपला बदला, एवढंच कोणी त्यांना म्हणायला हवं होतं. कोणाला माहीतच नव्हतं. मीही त्या तुटल्या की तशाच नव्या आणून देत होते.

आता मोकळ्या कपाळाचं. तुम्हाला पाहवत नाही, तर मला पाहवतं असं समजू नका. आरशासमोर आम्ही दोघी उभ्या राहिलो की मी बाजूला होते. माझं कपाळ मोकळं आहे कारण माझा माणूस गेला. तिचं मोकळं आहे कारण तिथे औषध लावून सकाळचं कोवळं ऊन द्यायचं आहे. उन्हाच्या मध्ये कुंकूसुद्धा यायला नको. रंग भरला की ती पुन्हा कुंकू लावेल.

मंगळवारी तिच्या पाठीवर टिकलीचा तुकडा, कुंकू आणि नुसती चिकटपट्टी असं शेजारी शेजारी लावणार आहेत आणि गुरुवारी काढून पाहणार. तुम्ही या. तपासणीत काही उठलं नाही तरी टिकली निर्दोष सुटली असं होत नाही, हेही त्यांनी सांगून ठेवलं आहे. तेव्हा जिंकायला बोलावत नाही. तुम्ही डोळ्याने पाहिलेलंच मानता, म्हणून बोलावते.

कौशल्येचं चांगलं व्हावं असं मलाही वाटतं. भांडण झालं तरी येणं-जाणं ठेवा.

आपली
गोपिका


काटोल
ता. ७ फेब्रुवारी १९८४

गं. भा. गोपिकाबाईंस नमस्कार
चि. सौ. लतिकाले आशीर्वाद. सौ. मोठ्या अक्षरात लिहिलं आहे, पाहून घ्या.

गुरुवारी नागपूरहून परतताना गाडीत बसाले जागा भेटली नाही. उभ्यानं आली आणि उभ्यानंच विचार केला. टिकलीच्या जागी लालभडक चट्टा आणि कुंकवाच्या जागी काहीच नाही, हे मी पाहिलं. कुंकवाची चूक निघाली नाही म्हणून मले लय बरं वाटलं. तुम्ही औषधाच्या खिडकीशी गेल्या तेव्हा डॉक्टरीण मले म्हणे, आजी, सुनेला उन्हात तुम्हीच बसवा, तिची आई लाड करते. तुमाले माहीत नसेल म्हणून सांगून राहिली.

घरी आल्याबरोबर कौशल्येच्या साऱ्या टिकल्या आरशावरून खरवडून चुलीत टाकल्या. ती अजून तोंड फुगवून आहे.

मग मी सावनेरला गेली. चंद्रभानले पाठवलं नाही, स्वतः गेली. मुलाच्या आईले म्हटलं, माझ्या सुनेच्या कपाळावर टिकलीच्या गोंदानं डाग पडला आहे, दवा चालू आहे, साक्षगंधाले ती मोकळ्या कपाळानं येईल, काय ते आत्ताच पाहून घ्या. ती बाई म्हणे, घरात विचारून कळवते. अजून कळवलं नाही. कौशल्येच्या तोंडाकडे पाहणं मी टाळून राहिली. पण तुमच्या माणसाच्या पायाची गोष्ट मी काढली होती. उद्या सावनेरवाल्याईनं माझ्या सुनेच्या कपाळाची गोष्ट काढली असती, तर मले तोंड राहिलं नसतं.

त्याईचा होकार आला तर साक्षगंधाच्या दिवशी, आणि नकार आला तर त्याच दिवशी, लतिकाले घेऊन या. तिचं घर आहे. तुम्ही पण या. शुभाच्या कामात मी कशी येऊ, असं म्हणसाल, म्हणून आधीच सांगते. एका मोकळ्या कपाळाकडे सारे पाहतील त्यापेक्षा दोघीकडे पाहू द्या, नजर वाटून जाईल.

वाट पाहते.

जिजाबाई


नंदनवन, नागपूर
ता. १४ मार्च १९८४

ती. इंदूताईंच्या चरणी
गोपिकाचा शि. सा. न. वि. वि.

पुष्कळ दिवसांत सविस्तर लिहिलं नाही. आता लिहिण्यासारखं आहे.

लतिकाच्या डागात बारीक तपकिरी ठिपके उठू लागले आहेत, मोहरी सांडल्यासारखे. डॉक्टरबाई म्हणाल्या, रंग परत येतो तो असाच, पण सगळा भरेल असं वचन देत नाही. औषध पुष्कळ महिने चालायचं आहे.

सावनेरच्या लोकांचा निरोप उशिरा आला, पण होकाराचा आला. मुलाच्या आईने सोबत एवढंच विचारलं होतं की त्या डॉक्टरीण कोणत्या वारी बसतात. कोणासाठी, ते जिजाबाईंनी विचारलं नाही.

साक्षगंधाला आम्ही दोघी गेलो. दारात लतिका थबकली. आत बायकांचं बोलणं थांबलं. त्या काय पाहत होत्या ते मला कळत होतं. आधी माझ्याकडे, मग तिच्याकडे, मग चंद्रभान कुठे आहे ते शोधायला अंगणात. तो तिथे सतरंज्या झटकत होता, चांगला धडधाकट. तेवढ्यात जिजाबाई कुंकवाचा करंडा घेऊन आल्या. मला वाटलं, आता चारचौघींसमोर कपाळाला लावणार, आणि पोरीला नाही म्हणता येणार नाही. त्यांनी लतिकाला पाटावर बसवलं, डोक्यावरचा पदर मागे सारला आणि कुंकू तिच्या भांगात भरलं. त्यांच्या एका आत्याबाईंनी विचारलं, “काहून वं जिजा, भांग भरून सून छत्तीसगढी करून टाकली का?” जिजाबाई म्हणाल्या, “डॉक्टरनं कपाळ मना केलं आहे आत्याबाई, डोकं नाही.” बायका हसल्या, आणि बोलणं पुन्हा सुरू झालं.

मला त्यांनी कौशल्येजवळ बसवलं. मी मागे सरकत होते, त्यांनी सरकू दिलं नाही. ओटी मी भरली नाही. ते मला नको होतं, त्यांनीही आग्रह केला नाही.

ताई, आणखी एक. तुमच्या भावाच्या पायांवर होतं ते कोड नसावं, चपलेच्या रबराने झालेलं असावं, असं डॉक्टरबाईंना वाटतं. वाचून तुम्ही रडाल, म्हणून इतके दिवस लिहिलं नाही. मी रडून घेतलं आहे. पोरीला येणार नाही असं मी त्यांना म्हणाले होते, ते खोटं नव्हतं, एवढं धरून बसले आहे. तुमच्या घरात कोणाच्या पायाला पट्ट्याखाली खाज येत असेल तर त्या चपला आजच टाका.

माझ्यावर माया आहे ती अशीच असू द्या. उन्हाळ्यात या, अंगणात बसून बोलू.

साक्षगंधाच्या संध्याकाळी मी जिजाबाईंना औषध कसं लावायचं, ऊन किती द्यायचं ते समजावलं. त्यांनी ते मला म्हणून दाखवलं आणि माझीच एक चूक काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या लतिकाला उन्हात बसवत होत्या तेव्हा मी निघाले, आणि नागपूरच्या गाडीने एकटी घरी आले.

तुमची
गोपिका