सारमेयाची खोड

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
१० नोव्हेंबर २०२४

चि. सर्जेराव यास ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा फोन तीन वर्षं बिघडलेला आहे, हे मी आता कुलाचारासारखं मान्य केलं आहे. म्हणून हे पत्र. प्रणय म्हणतो की, बाबांचा फोन चांगला खणखणीत वाजतो, आणि बाबा त्याच्याशेजारी बसून शांतपणे चहा पितात. मी त्याला गप्प केलं. जन्मदात्याच्या फोनविषयी असं बोलू नये.

भामा गेल्यापासून तू शेतात एकटा. आसपास काही झालं तर तुला कळणार कसं, एवढंच मी विचारलं होतं आणि इकडे ये म्हटलं होतं. उत्तरादाखल तू पाटीभर सीताफळं पाठवलीस. गोड होती, पण उत्तर नव्हे. तेव्हा आता प्रणयबरोबर कुत्रा पाठवते आहे.

प्राण्यांच्या निवाऱ्यातून आणला. वय पाच-सहा. पिल्लू मुद्दामच घेतलं नाही. तुम्हा दोघांत कोणीतरी मोठं माणूस हवं. याच्या मालकांनी घर बदललं आणि याला जुन्या फाटकाला बांधून निघून गेले. मानेवर त्या दोरीचा वण आहे. निवाऱ्यातल्या प्रेरणाबाईंनी माझी तोंडी परीक्षा घेतली आणि एकच अट घातली, की याला पुन्हा कधी बांधायचं नाही. तुझ्या वतीनं मी शब्द दिला.

नाव सारमेय. संस्कृतात कुत्र्यालाच सारमेय म्हणतात, त्यामुळे मी फार डोकं चालवलं असं समजू नकोस. आवाज असा की इथं दोनच दिवस होता, तर गल्लीतल्या तीन घरांशी माझं वाकडं आलं. तुला तेवढा पुरेल.

त्याला भाकरी घालशील तेव्हा स्वतःही खा. माया आटू देऊ नकोस.

तुझी,
संध्याताई

* * *

खुलताबाद, शेतावरून
२४ नोव्हेंबर

ती. ताईस सर्जेरावचा शिरसाष्टांग नमस्कार.

कुत्रं पावलं. एवढं लांब नाव घेऊन कोण हाक मारंल? मी साऱ्या म्हणतो. अंगानं दांडगं हाय, इमानी हाय. पायाशी झोपतं. भामा असती तर घरात घेऊ दिलं नसतं.

पोराचं ऐकू नको. इथं रेंज नाय. कानाचं म्हणशील तर थोडं कमी येतं. जलमभर मळणीयंत्रापाशी उभं राहिल्यावर कोणाला येतं?

पण ताई, तुला फसवलं. आवाज दणक्याचा म्हणालीस, हे तर भुंकतच नाय. पहिले आठ दिवस नुसतं माझ्यासमोर उभं राहून तोंड उघडायचं आणि मिटायचं. मला वाटलं भूक लागली, म्हणून भाकरी टाकायचो. खायचं नाय.

आता नवीन खोड लागली. कपडे धरतं. परवा सदरा धरून दारापर्यंत वढत नेलं. दारात शेजारचा रामकिसन उभा, म्हणतो कवाचा हाका मारतोय. काल चुलीकडं वढाय लागलं. म्या हाकललं, तर तेवढ्यात कुकर करपला. दोन पायजमे फाडले. याला काय इलाज असंल तर लिही.

तूर छातीला लागली. आज सकाळी भोंगा लावून जीप फिरून गेली. निवडून आलेलं आभार मानत असंल.

तब्येतीला जप. आम्हा वेड्यावाकड्यांवर लोभ असू दे.

तुझा धाकटा,
सर्जेराव

* * *

गारखेडा
२८ नोव्हेंबर

चि. सर्जेराव यास आशीर्वाद.

कुत्रा तोंड उघडतो-मिटतो, हे वाक्य मी दोनदा वाचलं. थोडं कमी येतं ना? बरं. त्याविषयी समोरासमोर बोलू.

आता पायजम्यांविषयी. मला वाटतं, तुझ्याकडं लाड फार होतात. पायाशी झोपणं, मागेल तेव्हा भाकरी! वर्गात असा एक विद्यार्थी असतोच. लक्ष द्यावं म्हणून पदर धरतो. पस्तीस वर्षं मी एकच उपाय केला आहे, तो म्हणजे घटकाभर दूर बसवायचं आणि तिकडे बघायचं नाही. सारमेयानं कपडा धरला की त्याला थोडा वेळ बांध आणि आपल्या कामाला जा. चार-सहा वेळा झालं की समजेल.

मी शब्द दिला होता, ठाऊक आहे. प्रेरणाबाईंना विचारावंसंही वाटलं. पण त्या नाहीच म्हणणार, म्हणून विचारत नाही. विद्वानांची ही जुनीच युक्ती. घटकाभर बांधणं म्हणजे काही बांधणं नव्हे.

पायजमे प्रणयबरोबर पाठवते. आहे तसाच स्नेह ठेव.

तुझी,
संध्याताई

* * *

खुलताबाद
६ डिसेंबर

ती. ताईस नमस्कार.

साऱ्या गेला.

मंगळवारी सकाळी लाइट आली म्हणून गव्हाला पाणी सोडाय विहिरीकडं निघालो. वाट तुरीतून जाती. बांधावर त्यानं पायजमा धरला. असा कधी धरला नव्हता. चारी पाय रवून मागं वढत होता. मी तुझं ध्यानात धरलं. बांधावरच्या लिंबाला साखळीनं बांधला. वाटेत तुरीत चिखल व्हता म्हणून वरच्या अंगानं गेलो, मोटार चालू केली आणि बारं धरत, वाफ्यावाफ्यात पाणी वळवत बसलो. मागं बघायचं नाय असं तू लिहिलं व्हतं, म्हणून बघितलं नाय.

रामकिसननं येऊन खांद्याला धरून हलवलं. तो त्याच्या रानातून वरडत आला, दगडं मारत आला. मला काय पत्ता नाय. लिंबाला साखळी आणि पट्टा व्हता. दुपारी तुरीत साऱ्या सापडला. बघण्यासारखा नव्हता. तिथंच पुरला.

बिबट्या. जंगलखात्याचं लोक आलं, पिंजरा लावला. त्यांचं म्हणणं, रोजच्या वाटेला तो पहाटंपासून दबून बसला असंल. ती भोंग्याची जीप बी त्यांचीच व्हती.

साखळी म्या बांधली. तू मनाला लावून घेऊ नको.

एक लिहायचं हाय. मला ऐकू येत नाय, ताई. कमी नाय, येतच नाय. भामाचं शेवटचं बोलणं बी आलं नाय. तिचं तोंड बघून मान हलवत बसलो व्हतो. लोक म्हणतील म्हातारा ठार बहिरा, शेत वाट्यानं घ्या, म्हणून झाकून ठेवलं.

रान रामकिसनला कसायला दिलं. आता तू म्हणशील तसं. येतो.

सर्जेराव

* * *

गारखेडा
१० डिसेंबर

चि. सर्जेराव,

रविवारी प्रणय गाडी घेऊन येईल. मागची खोली झाडून ठेवली आहे. तीन वर्षं मी या एका वाक्यासाठी भांडत होते, आणि आज ते असं हाती आलं आहे.

काल निवाऱ्यात जाऊन आले. प्रेरणाबाईंना सगळं सांगितलं. साखळी तू बांधलीस, पण बांध म्हणून मी सांगितलं, हेही सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. इथून मला पुन्हा प्राणी मिळणार नाही, एवढंच म्हणाल्या. बरोबर आहे.

निघताना मी त्यांना विचारलं, की कपडे धरायची त्याची खोड जुनी होती का? आधीच्या घरची? तुझ्यापासून आता काही लपवायचं नाही, म्हणून त्यांचं उत्तर जसंच्या तसं लिहिते.

"ताई, इथं त्यानं कधी कुणाचा कपडा धरला नाही. इथं तो भुंकायचा."

आठ दिवस तो तुझ्यासमोर भुंकला, सर्जेराव. मग त्याला तुझं कळलं, आणि त्यानं दुसरी रीत काढली. त्या रीतीला मी खोड म्हटलं.

लोभ असावा, असं लिहायचा आज धीर होत नाही.

संध्या