स्टोअरमधली नावं

सातारा,
११ फेब्रुवारी २०२५

प्रिय मयूरीस,
अनेक आशीर्वाद. अण्णांना फोनवर नीट ऐकू येत नाही म्हणून लिहिते. त्यांना वाचून दाखव.

आज साडेआठला स्टोअर उघडलं, साडेपाचला बंद केलं. मधे पुण्याहून संगणक कंपनीचे ऋषिराज म्हणून एकजण येऊन गेले. बाकी दिवस रोजच्यासारखा.

हे गेल्यावर ह्यांच्या जागी मला कारखान्यात सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं, ते तुला ठाऊक आहे. या महिन्याअखेर मुदत संपते. चार वर्षांपूर्वी पंपांच्या सुट्या भागांचा हिशेब संगणकावर गेला, तेव्हा सगळ्या भागांची नावं ह्यांनी भरली होती. मूळ नावं इंग्रजी, लांबलचक. फिटर लोकांना ती टाइप करता येईनात. मग ह्यांनी शॉपवर बोलतात तीच नावं घातली. चपटी गोल फ्लँज म्हणजे भाकरी. वाकडा पाइप म्हणजे विळा. जोडात बसवायचं दोन भोकांचं गॅस्केट म्हणजे अण्णांचा चष्मा. घरी हे कधी बोलले नाहीत. मला स्टोअरमध्ये बसल्यावर कळलं.

या संगणकावर तुम्ही समाधानी आहात का, असा एक फॉर्म दरवर्षी भरून घेतात. बाकी खाती पाचापैकी दोन गुण देतात, आमचं स्टोअर पाच. पाच कसे, ते बघायला ऋषिराज आले होते. यादी वाचून हसले. गेल्या महिन्यात खरेदीची ऑर्डर तशीच छापून गेली होती, भाकरी चारशे नग. पुरवठादाराने फोन करून विचारलं की ज्वारीच्या पाठवू का बाजरीच्या. साहेब हसले नाहीत.

आता सगळी तीनशे बारा नावं काढून कोड घालायचे आहेत. ते काम गेल्या आठवड्यात माझ्याकडे आलं, अठ्ठावीसपर्यंत. काल विळा काढला. विशेष काही वाटलं नाही, खांदे दुखले. चष्मा अजून ठेवला आहे.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी,
उमावहिनी


सांगली,
१६ फेब्रुवारी २०२५

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र अण्णांना दोनदा वाचून दाखवलं. चष्म्यापाशी आल्यावर त्यांनी मला थांबवलं आणि पुन्हा वाच म्हणाले. मग हसले, वहिनी. ऑगस्टनंतर पहिल्यांदा. म्हणाले की समोर बसून दोन शब्द बोलायला याला कधी जमलं नाही, आणि बापाला कारखान्यात नेऊन कपाटात ठेवलं.

त्यांचा निरोप असा आहे की बाकीची नावं काढा, पण तेवढं एक राहू द्या. साहेबांना सांग म्हणतात, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाची विनंती आहे. रोज सकाळी विचारतात, वहिनीचं काही आलं का. मलाही वाटतं की एक नाव राहिलं तर कुणाचं काय बिघडतं?

दादा लहानपणी मला पिंप म्हणायचा. यादीत पिंप निघालं तर मला कळवू नकोस.

इकडे तासगावला आमच्या बेदाण्याच्या पेट्याही आता मोबाइलवर स्कॅन कराव्या लागतात. करतो, आणि मालकांचा विश्वास नाही म्हणून परत वहीत लिहितो. समाधानाचा फॉर्म आमच्याकडे आलाच तर मी तो वहीत भरीन.

तू जेवतेस ना वेळेवर? आमच्यावरचा लोभ कमी करू नकोस.
तुझी,
मयूरी


सातारा,
१ मार्च २०२५

तीर्थरूप अण्णांना,
सा. नमस्कार.

काम काल संपलं. तुमचा निरोप मी ऋषिराजांना सांगितला होता. माणूस वाईट नाही. म्हणाले की एक नाव राहू द्या, मी बघितलं नाही असं समजतो.

म्हणून ते गॅस्केट शेवटी घेतलं. नग मोजायला खण उघडला तर त्या एका नावाखाली दोन जाडीचे तुकडे होते, तीन मिलिमीटर आणि पाच. ह्यांना ते बोटांनी कळत असे. मला कळत नव्हतं. डिसेंबरमध्ये गरम पाण्याच्या एका पंपाला मी पातळ दिलं होतं. चाचणीत जोड सुटला आणि जोतीराम फिटरचा हात कोपरापर्यंत भाजला. त्याने सगळ्यांना सांगितलं होतं की कँटीनमध्ये चहा सांडला.

तो भाजला तो दिवस त्याच पंपाच्या चाचणीचा, म्हणून मी त्याला जाऊन विचारलं. म्हणाला की वैनी, भाऊ असते तर चुकलं नसतं, पण भाऊ आता न्हाईत.

अण्णा, ते नाव मी काढलं. त्याच्या जागी दोन कोड घातले. तुम्हाला वाईट वाटेल. मयूरीमार्फत न कळवता स्वतः लिहावं असं वाटलं.

डिसेंबरची चूक साहेबांनाही सांगितली. कायम केल्याचं पत्र मिळालं नाही. मुदत आणखी तीन महिने वाढवली आहे. जोतीराम माझ्यावर रागावला, न सांगता भागलं असतं म्हणाला.

नवा फॉर्मही भरून झाला. स्टोअरचे या वेळी तीन आले. ऋषिराज म्हणाले की तीन चांगले असतात. फिटर अजून खिडकीशी येऊन भाकरी मागतात, मी कोड शोधून देते.

तब्येतीला जपा. मयूरीला आशीर्वाद. तुमची माया आहेच, ती असू द्या.

गिरणी सातला बंद होते. दळणाचा डबा घेऊन जाऊन येते.

उमा